ब्रेक लावून चाललेली गाडी

मार्च २००१. धुळवड होऊन तिसरा दिवस, सकाळी साडेनऊ. पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात हजर : मी, म्हणजे ठाण्याचा प्रभारी सहायक पोलीस निरीक्षक, माझा लेखनिक हवालदार, ठाण्याची जीप चालवणारा पोलीस नाईक, दोन पंच, नाशिकच्या द्वारका चौकाजवळ गॅरेज चालवणारे, मूळचे मालेगावचे एक वयस्क मेकॅनिक, ज्यांना आम्ही सगळे उस्ताद म्हणायचो, आणि पोलीस कोठडीतून आणलेला आरोपी, वय अंदाजे सव्वीस. मधोमध त्याची पिकअप, डाव्या बाजूने चेपलेली.

ही हजेरी मी तेव्हा स्वतः लिहून घेतली होती. यातल्या एकाचंही नाव इथे देत नाही. त्या सकाळी जो धक्का बसला, तसा पुढच्या नोकरीत कधी बसला नाही.

घटना अशी. द्राक्षाच्या हंगामात पेठकडच्या पाड्यांवरची माणसं पिंपळगाव बसवंतच्या बागांमध्ये कामाला येतात आणि होळीला घरी जातात. होळी आपल्याच पाड्यावर पेटवायची, हा त्यांचा नेम. त्या वर्षी होळीच्या दोन दिवस आधी, दुपारी, चौदा माणसं एका पिकअपमधून निघाली. पेठ रस्त्यावरच्या घाटात, उतारावर, गाडी सुटली आणि वळणावर कलंडली. दोन बाया जागीच गेल्या. त्यातली एक पिकअपच्या चालकाची, म्हणजे याच आरोपीची, सख्खी वहिनी. चालक त्याच पाड्याचा. स्वतःच्या माणसांना सणाला घरी घेऊन चालला होता.

पंचनाम्यात दोन गोष्टी ठळक आल्या. गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये होता. आणि रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडायची, ही आपल्याकडची जुनी खोड. मला तपास संपल्यासारखाच वाटला. हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याचं कलम लावलं आणि चालकाला समोर बसवलं.

त्याला मी हात लावला नाही. पण प्रश्न कसा विचारला ते सांगायला हवं. "गाडी न्यूट्रल होती ना?" तो हो म्हणाला. "मग न्यूट्रल कोणी केली? तूच ना?" तो माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाला, "मीच केली असंल, साहेब. दुसरं कोण करणार." मी हवालदाराला ते 'असंल' गाळून लिहायला सांगितलं. दोन तासांत प्रकरण उलगडलं म्हणून मला बरंही वाटलं होतं.

खबर आली ती जिल्हा रुग्णालयातून. जखमींचे जबाब घ्यायला हवालदार गेला होता. पाय मोडलेली एक बाई त्याला म्हणाली की घाट लागायच्या आधी गाडी तीनदा थांबली, आणि दर वेळी पोरगा खाली उतरून चाकांवर पाणी मारत होता. "लय वाफ निघायची. आमी हसायचो, चाकं आंघोळ करतात म्हणून."

हवालदाराने हे मला सहज, चहा घेताना सांगितलं. माझा चहा तसाच राहिला. गाडी तापली तर चालक रेडिएटरमध्ये पाणी घालतो. चाकांवर कोण घालतं?

मी चालकाला पुन्हा बोलावलं. या वेळी प्रश्न न विचारता गाडीबद्दल काय ते सांग म्हणालो. तो अर्धा तास बोलत होता. गाडी मालकाची, मालक पिंपळगावचा द्राक्ष व्यापारी. जास्त क्रेट बसावेत म्हणून मालकाने मागची बॉडी दोन फूट वाढवली होती, स्प्रिंगचे पाटे वाढवले होते, मूळचं पेट्रोल इंजिन काढून जीपचं डिझेल इंजिन टाकलं होतं आणि गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा, जुना. सगळं विनापरवाना. तरी अशी गाडी दोन हंगाम नीट चालली. मग अचानक गेल्या पंधरवड्यात तिचं सगळंच बिघडायला लागलं. आधी इंजिन तापू लागलं. मालकाच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने रेडिएटर गळत असेल म्हणून त्यात हळद टाकली. बारीक भोक हळदीने बुजतं, हा आपल्याकडचा सर्रास उपाय. तापणं थांबलं नाही. मग गाडी ओढेना. क्लचप्लेट बदलली. ती चार दिवसांत जळाली. मग चढावर दुसरा गिअर आपोआप निसटायला लागला.

"आणि ब्रेक?" मी विचारलं.

"ब्रेक चांगला होता, साहेब. पहिल्यापेक्षा चांगला. पायाचा अंगठा टेकवला की लागायचा. म्हणून तो कोणी बघितलाच नाय."

म्हणून त्या सकाळी उस्तादांना बोलावलं. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली, कशालाही हात लावला नाही. हवालदाराने रेडिएटरचं झाकण उघडून पिवळा चिखल दाखवला आणि म्हणाला, "उस्ताद, गाडीचं लग्न ठरलं होतं, बघा. हळद लागली." उस्ताद हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

"साहब, माणसाकडून तुम्ही दोन तासांत कबूल करून घेता. लोखंडाला दम देऊन चालत नाही. त्याला एकेक विचारावं लागतं."

मी ऐकून घेतलं. त्यांनी कामाचा क्रम ठरवला. मला क्रमाने काम करणारा माणूस आवडतो, म्हणून तो नीट लक्षात आहे. त्यांनी रेडिएटर बाजूला ठेवला. म्हणाले, इंजिन तापतंय, क्लच जळतोय, गिअर निसटतोय. तिन्ही तक्रारी एकाच पंधरवड्यात आल्या, म्हणजे त्या तीन नाहीत. कोणीतरी गाडीला मागून धरून ठेवलं आहे. मग त्यांनी आमच्या नाईकाकडून जॅक मागवला, मागचं चाक उचललं आणि त्याला ते हाताने फिरवायला सांगितलं. नाईक धट्टाकट्टा माणूस. चाक तसूभर हललं. ब्रेकला कोणीही पाय लावला नव्हता.

ब्रेकचा ड्रम खोलला. आतले लायनर जळून कोळसा झाले होते, ड्रम निळा पडला होता. मग चाकातला ब्रेकचा छोटा सिलिंडर खोलला. त्यातलं रबर त्यांनी हातावर घेऊन आम्हाला दाखवलं. बटणाएवढं असायला हवं ते फुगून बोराएवढं, मऊ लगदा झालं होतं.

"रबर फुगून अडकलं, ब्रेक सुटतच नव्हता. ही गाडी ब्रेक लावूनच चालत होती," उस्ताद म्हणाले. "इंजिन ओढतंय, ब्रेक धरतोय. म्हणून इंजिन तापलं, म्हणून क्लच जळला. घाटात ड्रम एवढे तापले की आतलं ऑइल उकळलं. पाय थेट तळाला गेला असेल. मग यानं गाडी रोखायला दुसरा गिअर टाकला असेल. तो पुराना. निसटला."

त्यांनी गिअरबॉक्सचं वरचं झाकण काढून दाखवलं. दुसऱ्या गिअरचे दात झिजून गोल झाले होते. पंचांनी वाकून पाहिलं. मीही पाहिलं.

आता प्रश्न होता रबर फुगलं कशाने. उस्तादांनी पिकअपच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीतले चार थेंब काचेच्या पेल्यातल्या पाण्यात सोडले. चांगलं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. हे वर तरंगलं. इंजिन ऑइल, ते म्हणाले. ब्रेकमध्ये गेलं की रबर फुगवतं. दहा-पंधरा दिवसांत काम तमाम.

माझ्या डोक्यात तेव्हा मालक होता. मी पंचांना म्हणालो, फरक नीट दिसावा म्हणून चांगल्या ऑइलचा नमुनाही शेजारी ठेवू. आणि नाईकाला सांगितलं, आपल्या स्टोअरमधला ब्रेक ऑइलचा डबा आण.

त्याने आणला. सरकारी पुरवठ्याचा, वर ठळक लेबल. उस्तादांनी दुसऱ्या पेल्यात चार थेंब सोडले.

तेही तरंगलं.

उस्तादांनी पेला बदलून पुन्हा करून पाहिलं. तेच. नाईक डब्यावरचं लेबल वाचत होता, जणू त्याला अक्षरं नव्याने दिसत होती.

उलगडा हवालदाराने केला, अगदी साध्या आवाजात. मोटार विभागाकडून नवा डबा हवा असेल तर जुना रिकामा जमा करावा लागे. त्यामुळे रिकामे डबे कोणी टाकत नसे. आणि डबा रिकामा कशाला पडू द्यायचा, म्हणून जीपचं उरलेलं इंजिन ऑइल त्यात ओतून ठेवलं जाई. जुन्या चालकाला हे ठाऊक होतं. तो जानेवारीत बदलून गेला. त्याच्या जागी आलेल्या आमच्या नाईकाला कोणी सांगितलं नाही. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये मात्र दर महिन्याला 'ब्रेक ऑइल, डबा एक' अशी नोंद होत होती. तपासणीची सही माझी. मी डबे मोजत होतो, उघडत नव्हतो.

"जीपमध्ये टाकलंस का हे?" मी नाईकाला विचारलं.

"नाही साहेब. जीपला लागलंच नाही अजून." त्याने गाडीकडे पाहिलं, चेपलेल्या बाजूकडे नाही, पुढच्या काचेकडे. "साहेब, ही गाडी मी चालवली आहे."

त्याने आपणहून सांगितलं. तो गप्प बसला असता तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. महाशिवरात्रीला त्र्यंबकेश्वरच्या बंदोबस्तासाठी लोखंडी जाळ्या वाहायला आम्ही बाहेरून एक गाडी घेतली होती, दोन दिवसांसाठी. हीच गाडी. परत देताना त्याने पाणी, हवा, ऑइल सगळं तपासलं. ब्रेक ऑइल थोडं कमी दिसलं. दुसऱ्याची वस्तू धड द्यावी, म्हणून आपल्या डब्यातून भरून दिलं.

गाडी बंदोबस्तासाठी द्यावी असं मालकाला कळवणारं पत्र माझ्या सहीचं होतं. मी सकाळीच वहीत लिहिलं होतं, गाडी कोणाकोणाच्या हातात गेली : मालक, चालक, गॅरेजवाला. तीन नावं. चौथं मला सुचलंच नव्हतं. मी गाडीच्या मडगार्डला धरून उभा राहिलो. ज्याला मी चार दिवस कोठडीत ठेवलं, ज्याच्या तोंडात मी उत्तर घातलं, तो पाच पावलांवर उकिडवा बसून हे सगळं ऐकत होता.

तो उठला आणि माझ्याशी नाही, उस्तादांशी बोलला.

"चाचा, मग न्यूट्रल मी नव्हती केली?"

"नाही रे बाबा. तू गिअर टाकला होतास. तो राहिला नाही."

"मला आठवतच नव्हतं," तो म्हणाला. "साहेब म्हणाले तवा वाटलं, केली असंल."

तो रडला नाही. आमचा नाईक मात्र जॅकशेजारी मातीत बसला आणि हमसून हमसून रडला.

त्याच दुपारी मी केस डायरीत सगळं लिहिलं, माझ्या सहीसकट. उपअधीक्षकांना फोन केला. ते म्हणाले, "विचार करून लिहा." मी म्हणालो, लिहून झालं आहे. तपास माझ्याकडून काढून दुसऱ्या ठाण्याकडे गेला, आणि ते योग्यच झालं. नाईकाची खातेनिहाय चौकशी झाली. त्याने कधीही जबाब फिरवला नाही. माझ्या सेवापुस्तकात ताकीद आली. मालकावर विनापरवाना बदलांचा आणि मालवाहू गाडीत माणसं भरल्याचा खटला चालला. जिल्ह्यातल्या ठाण्यांमधले सगळे डबे उघडून पाहायचा आदेश निघाला. आणखी दोन ठिकाणी तोच प्रकार सापडला.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. समोरच्याला विचारताना उत्तर प्रश्नात घालू नये. घाबरलेला माणूस ते उचलून आपलं म्हणून परत देतो, आणि कधीकधी त्याचा त्यावर विश्वासही बसतो. आणि कोणाच्या हातातून काय गेलं याची यादी करताना पहिली ओळ आपल्यासाठी ठेवावी. पुढे प्रत्येक तपासात मी ती ठेवली. बहुतेक वेळा कोरी राहिली. तरी ठेवली.

चालक सुटला, पण कागदावर 'पुरेसा पुरावा नाही' एवढंच आलं. कायद्याची भाषा तशीच असते. दोन महिन्यांनी तो ठाण्यात आला, एकटाच, पायी. मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. त्याचं एकच मागणं होतं. ज्याची बायको गेली तो मोठा भाऊ त्याच्याशी बोलत नव्हता, पाड्यावर कोणी त्याच्या हातचं पाणी घेत नव्हतं. "माझ्या तोंडून त्याला पटत नाय, साहेब. म्हणतो, पोलिसांनी पैसे घेऊन सोडलं. तुमी एकदा या. भावाला तेवढं सांगा, चूक कोणाची ते."

मी येतो म्हणालो. त्या आठवड्यात निवडणुकीचा बंदोबस्त होता. मग माझी बदली झाली. मग दुसरी झाली. मग मला वाटायला लागलं, इतक्या वर्षांनी जाऊन ती जखम कशाला उघडायची. हे मी स्वतःला सांगत होतो. जखम त्यांची बुजली आहे का, हे मला माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी पेठकडच्या एका शिक्षकाकडे चौकशी केली. दोघेही भाऊ हयात आहेत. घरं शेजारी, अंगण एक. बोलत नाहीत.

हे छापून आलं तरी मोठ्या भावापर्यंत पोहोचणार नाही, त्याला वाचता येत नाही. कोणाकडून निरोप पाठवून भागणार नाही. मलाच त्या अंगणात उभं राहून सांगावं लागेल की तो डबा आमचा होता. नाशिकहून दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. मी अजून गेलेलो नाही.