पायाळूची जिम

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याच्या आधी माझे पाय बाहेर आले. आमच्या जुन्नर भागात अशा माणसाला जन्मभर सुटका नसते. कुणाच्या कंबरेत उसण भरली की तो माणूस दारात हजर. त्यानं पालथं पडायचं, पायाळूनं कंबरेला हलकीशी लाथ लावायची, की उसण पळाली. शाळेत असताना एकदा गणिताचा तास चालू होता, आणि मला उठवून शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना लाथ घालायला नेलं होतं. खरं सांगतो, शाळेत तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

पुढं मी आळेफाट्याला जिम काढली. कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं. तरी लोक लाथ मागायला येतच राहिले. माझं डोकं फिरायचं. अरे, मी पोटाचे, कंबरेचे व्यायाम शास्त्रशुद्ध शिकवतो आणि तुम्ही माझा पाय मागता? पण घालायचोही. म्हटलं, कुणाचं काय बिघडतंय? उसण चार दिवसांत आपोआप जाते आणि नाव आपलं होतं. नाव झालेलं मला आवडायचं, हेही कबूल करतो.

त्याच सुमारास डिंगोऱ्याची एक मुलगी पोलीस भरतीच्या तयारीला यायची. वडील शेतकरी, बाजारात माल आणायचे तेव्हा पिकअपमधून तिलाही आणून सोडायचे. बाकीच्या दिवशी ती एसटीनं यायची. पळण्यात एक नंबर, गोळाफेकीत मात्र कच्ची. वयाच्या अटीमुळं ही तिची शेवटची भरती होती आणि ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, आलं होतं चार दिवसांवर.

गोळा हातानं जात नाही, कंबर फिरते तेव्हा जातो, हे मी तिला रोज ऐकवायचो. म्हणून तिच्याकडून ट्विस्ट करून घ्यायचो. मॅटवर बसायचं, पाय उचलून धरायचे, हातात लोखंडी प्लेट घ्यायची आणि धड डावीकडून उजवीकडे फिरवायचं. पाच किलोवर ती झकास करायची. घाई मला झाली होती. माझ्या जिममधून अजून एकही मुलगी पोलिसात लागली नव्हती. मी दहाची प्लेट दिली आणि वेग वाढवायला लावला. तिची पाठ गोल व्हायला लागली. पाठ गोल झाली की व्यायाम थांबवायचा, हे कोर्समध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. मी थांबवलं नाही.

रविवारी ती मध्येच थांबली. म्हणाली, कंबरेतून कळ निघतेय, पार पोटरीपर्यंत जातेय.

"ग्राउंडवर असली नाटकं चालत नाहीत," मी म्हणालो. "अजून वीस."

तिनं वीस पुरे केले.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास पिकअप जिमसमोर येऊन थांबली. मागं गोधडीवर ती उताणी पडली होती, ओठ दाताखाली धरून. वडील खाली उतरले आणि म्हणाले, रात्री हिच्या कंबरेत उसण भरली, उठता येईना झालंय, तुमी एक लाथ घाला म्हंजी गुरुवारी ग्राउंडला उभी राहील. जिममधली दहाबारा पोरं हातातली वजनं टाकून बाहेर येऊन उभी राहिली.

खोटं कशाला बोलू, मला आधी हायसं वाटलं. त्यांनी ट्विस्टचं नावसुद्धा काढलं नव्हतं. त्यांच्या लेखी उसण भरली होती आणि उसणीला औषध माझा पाय. मी बूट काढला, मोजा काढला आणि पिकअपच्या हौद्यात चढलो.

तिला पालथी करायला म्हणून मी वाकलो, तर ती म्हणाली, डाव्या पायात काही कळतच नाही, बधिर पडलाय. मी तिला म्हणालो, डाव्या पायाचा अंगठा वर उचल बघू.

"उचललाय की, सर," ती म्हणाली.

अंगठा होता तिथंच होता. तिला पडल्यापडल्या तो दिसत नव्हता. मी पुन्हा उचलायला सांगितलं. तिनं डोळे मिटून जोर लावला, कपाळावर घाम आला, पण अंगठा हलला नाही.

मी खाली उतरलो. म्हणालो, मी लाथ घालणार नाही, आत्ताच्या आत्ता नारायणगावला हाडांच्या डॉक्टरकडं चला. वडील भडकले. अख्ख्या तालुक्याला लाथा घालता आणि माझ्याच पोरीला नाय म्हणता, तुमाला काय पैसं पायजेत का, असं सगळ्यांदेखत बोलले. त्यांचंही चुकलं नव्हतं. तीन दिवसांवर पोरीचं आयुष्य आलेलं आणि मी अनवाणी उभा राहून नाही म्हणतोय.

"दादा, ही उसण नाही," मी म्हणालो. "नस दबलीय. आणि ती माझ्या व्यायामानं दबलीय."

मग पिकअपच्या कडेला हात टेकून त्यांनी लेकीला विचारलं, दुखत व्हतं तर सरांना सांगायचं न्हाई का?

"नाय सांगितलं, आप्पा," ती म्हणाली.

माझ्यासाठी खोटं बोलली पोर. एवढ्या कळा सोसत मला वाचवायला निघाली. मी नुसतं तोंड मिटून ठेवलं असतं तरी भागलं असतं. माझी जिम, माझं नाव, सगळं शाबूत राहिलं असतं. लाज वाटली मला, अशी की अजून आठवली तरी कानशिलं तापतात.

"सांगितलं होतं तिनं," मी म्हणालो. "मीच ऐकलं नाही."

वाटलं, हा माणूस आता मला तुडवणार, आणि तुडवलं असतं तरी मी हात उचलला नसता. पण त्यांनी नजर वळवली. आम्ही जिममधली लांब फळी आणली. तिला त्यावर घेताना ते एवढंच म्हणाले, "पाय धरा तिचं. पिरगळू देऊ नका."

संध्याकाळी ऑपरेशन झालं. पायात ताकद परत येईल का, ते डॉक्टर छातीठोकपणे सांगेनात. गुरुवारी ग्राउंड झालं, तिच्याविना. मी रोज दवाखान्यात जायचो, वडिलांसाठी चहा न्यायचो. ते कप घ्यायचे आणि बाकावर ठेवून द्यायचे. चहा तसाच गार व्हायचा. आत मला ते जाऊ देत नव्हते आणि मी मागतही नव्हतो.

अकराव्या दिवशी सकाळी जिममध्ये फोन वाजला.

"हलला," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी पोरांदेखत मॅटवर बसून ढसाढसा रडलो. भरती मात्र तिची गेली ती गेलीच.