तीन भोंगे

१९८९ साल. मी सत्तेचाळीस वर्षांचा. पनवेलबाहेर गोवा रोडच्या कारखान्यात बॉयलरवर होतो, भोंगाही मीच द्यायचो. भोंगा असा, की कर्नाळ्याच्या डोंगरावर आपटून परत यायचा.

संपाचा दुसरा महिना. सगळे बाहेर, मी एकटा आत. बॉयलर पार थंड पडू नये म्हणून युनियननेच मला ठेवलेलं, आणि तो मी पडू दिला नाही. संप मिटला की तीन लांब भोंगे, हा आमचा रिवाज. पलीकडची कामगारांची वाडी त्यासाठी कान लावून बसलेली.

दुपारी सरकारी जीप आली. साहेबाने गोल शिक्क्याचा कागद दिला, गेटावर लाव म्हणाला. "वाचता येतं ना?"

"येतं," मी म्हणालो.

मी तिसरी पास. ती टाइप केलेली सरकारी मराठी मला उलगडेना. एकच शब्द लागला, संप. पुढारी रोज सांगायचे, सरकारचा शिक्का आला की मिटलं समजा. वॉचमन शिकलेला होता, शेजारीच उभा. त्याला विचारलं नाही. कागद लावला आणि तीन भोंगे दिले.

तो हुकूम जमावबंदीचा होता. पाच माणसं जमली तरी पोलीस उचलणार होते, आणि मी अख्खी वाडी बोलावली.

माझा पाळीतला जोडीदार सगळ्यांच्या पुढे. उजवा हात भाताने माखलेला, जेवणावरून उठलेला. गेटाच्या जाळीतून हसला. "मिटला ना रं?"

मी मान हलवली. तेवढ्यात मागून लाठ्या सुरू झाल्या. संध्याकाळी दवाखान्यात तो वारला.

घरात कुकरच्या तीन शिट्या झाल्या की अजून मी उठून बाहेर जातो. सुनेला वाटतं, म्हाताऱ्याला भूक लागली. मला तो हात दिसतो, न धुतलेला.

त्या रात्री वाडीत सगळे म्हणत होते, मालकानेच दगा केला, भोंगा त्यानेच वाजवायला लावला. मी गप्प बसलो असतो तर खपलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटावरचा कागद सोडवला आणि जोडीदाराच्या घरी गेलो. त्याची बायको ओटीवर बसलेली. वर न बघता म्हणाली, "भावजी, मालकाला तुमी नाय का नाय म्हनला?"

"मालक आलाच नव्हता, वहिनी. मला वाचता येत नाही."

कागद तिच्यापुढे ठेवला आणि तिथेच उभा राहिलो.