एक जूनच्या ओळी

“एक जून. एक जून. एक जून. हापण एक जून.”

सर मोठ्या पडद्यावर माझी फाइल वाचत होते. धुळ्याचं ऑफिस, आम्ही आठ जण. पडद्यावर एकाखाली एक ओळी. नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर.

“आणि मोबाइल? सगळ्यांचा एकच! काय गं, तुमच्या पाड्यावर पोरी काय केळीच्या घडासारख्या एकाच दिवशी उतरतात का?”

सगळे हसले. मीपण हसले.

ते हसणं अजून माझ्या तोंडात आहे. थुंकता येत नाही.

मी नववीत शाळा सोडली. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचा पाडा. शाळा लांब, वसतिगृहात नंबर लागला नाही. मग केळी धुवायला, खोक्यात भरायला गेले. त्यातूनच टायपिंगचा क्लास केला, आणि धुळ्याला सरांच्या ऑफिसात येऊन उभी राहिले. सरांनी दाखला मागितला नाही. “हात चालतो ना? बस,” म्हणाले. त्या एका वाक्यावर मी चार वर्षं मान खाली घालून काढली. रोज वाटायचं, आज विचारतील, आज घरी पाठवतील.

काम सांगते. एका संस्थेसाठी आम्ही साइट बनवली होती, मुलींच्या वसतिगृहांच्या प्रवेशाची. उघडायच्या आधी बघावं लागतं, हजार जणींनी एकदम अर्ज भरला तर साइट टिकते का. हजार पोरी कुठून आणणार? म्हणून स्क्रिप्ट लिहायची. तीच हजार पोरी होऊन अर्ज भरते. त्यांची नावंगावं एका फाइलमधून उचलते. एक ओळ, एक मुलगी. साइटने अर्ज घेतला तर हिरवं. परत केला तर लाल.

स्क्रिप्ट लिहायला मी दुसऱ्यांचं बघून बघून शिकले. ही पहिलीच माझ्या एकटीवर होती. बाकीचे नावं मनाने बनवतात, प्रिया एक, प्रिया दोन. मला ते जमेना. मग मी डोळे मिटले आणि पाड्यातून चालत निघाले. पहिलं घर, सुनी. दुसरं आमचं, माझी धाकटी बहीण रंजू. असं करत सगळ्या पोरी लिहिल्या. आमचा पाडा संपल्यावर शेजारचे घेतले. जन्मतारीख सगळ्यांची एक जून, साल यंदाच्या दहावीवाल्यांचं. आईबापाला तारीख ठाऊक नसते, शाळेत नाव घालताना गुरुजी तीच लिहितात. मोबाइल नानांचा. नाना आमच्या पाड्यातले म्हातारे. त्यांचं घर टेकाडावर, रेंज तिथेच येते. कुणाचाही फोन नानांकडे येतो आणि नाना वरून हाक मारतात.

मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही.

चाचणी लावली. पहिली ओळ हिरवी. पुढच्या लाल, लाल, लाल. प्रत्येकीपुढे तेच उत्तर: हा अर्ज आधीच भरलेला आहे. मोबाइल तोच, तारीख तीच, म्हणजे मुलगी तीच, नाव काही असो. असा साइटचा नियम होता.

“कचरा डेटा आहे हा,” सगळ्यांचं हसून झाल्यावर सर म्हणाले. “अशी माणसं असतात का? साफ कर.”

असतात, सर. मी तसलीच आहे. माझ्या दाखल्यावरही एक जूनच आहे.

तोंडाने मात्र “हो सर” म्हणाले.

पाच मिनिटांत साफ केलं. नंबर एकेकाने वाढवत खाली ओढला. तारखा बारा महिन्यांत वाटून टाकल्या. सगळं हिरवं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “बघा. न शिकलेली पोरगी करते, आणि तुम्ही इंजिनिअर बसा बोटं मोडत.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? खूप बरं वाटलं.

साइट उघडली. आणि एका दुपारी नानांच्या नंबरवरून फोन आला. रंजू होती. यंदा दहावी पास झालेली.

“अक्का, सेतू केंद्रावरनं परत उनूत आम्ही. सुनीना अर्ज पहिले भरा, तो व्हई गया. मना भराले बसनूत तं ते मशीन म्हणस, हाऊ अर्ज पहिलेच भरेल शे. बठ्ठ्या पोरीस्ना तसाच परत उना.”

सुनीचा अर्ज गेला, बाकी सगळ्या पोरींचे परत.

मागून आई ओरडली, “तिले इचार ना, ती कम्प्युटरमाच शे!”

नानांनी फोन घेतला. हसत होते. “बेटा, मना नंबरवर एकच पोर मंजूर शे म्हणे. बठ्ठा पाडा मना घरना शे, सांग त्यास्ले!”

दुसऱ्याचा नंबर घालावा तर सगळे निरोप त्याच्याकडे जाणार. आणि देतो कोण?

फोन पुन्हा रंजूकडे गेला. आवाज बारीक झालेला. “अक्का, मनी काही चूक व्हयनी का?”

“नही,” मी म्हणाले. चूक कुणाची, ते मला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी सरांपुढे उभी राहिले. “सर, तो नियम बदलायला हवा.”

“शंभर पोरींसाठी?” सरांनी वरसुद्धा बघितलं नाही. “डेटा तुझा होता. साफ तू केलास. रिपोर्टवर नाव तुझं आहे. जा, प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीची चाचणी लाव. साफ फाइल घे.”

खरंच बोलले ते. नाव माझंच होतं.

मी जागेवर आले. जुनी फाइल उघडली. चाचणी लावली. लालच लाल झालं. सर मागे येऊन उभे.

“हे काय?”

“माणसं आहेत, सर.”

“काढ ती. दाखला न विचारता ठेवलं तुला. विसरलीस?”

“विसरले नाही. पण फाइल बदलणार नाही.”

तो लाल रिपोर्ट मी संस्थेला पाठवला. खाली एक ओळ लिहिली: पहिल्या चाचणीत ही खरी माणसं मी काढून टाकली होती. सरांच्या डोळ्यांसमोर पाठवला. त्यांच्या माघारी करायचं नव्हतं, त्यांचं खाल्लंय मी.

सर आता माझ्याशी बोलत नाहीत. संस्थेचं उत्तर आलेलं नाही. पहिल्या फेरीची मुदत संपली. रंजू केळी धुवायला जाते. मी जायचे, तिथेच. ते मी केलं. कुणी माफ केलं तरी ते मीच केलेलं राहील.

यापुढे माझ्या हातून जी फाइल बनेल, तिची पहिली ओळ सुनीची. दुसरी रंजूची. एक जून, नानांचा नंबर. दुसरी ओळ लाल झाली तर रिपोर्टवर लालच जाईल. नोकरी गेली तर हातांना केळी धुता येतात.

या पोरींवर हसायला मात्र माझं तोंड पुन्हा मिळणार नाही.