खंडेनवमीची फ्लॉपी

नव्वदीचं दशक संपत आलं तोवर विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर घालायची दोन लिनक्स मी वापरून पाहिली होती, आणि दर वेळी हेच शेवटचं असं घरी सांगितलं होतं. पहिलं फ्लॉप्यांच्या गठ्ठ्यावर यायचं. सांगलीत मी ज्या कॉलेजात शिकवायचे तिथं त्या भरून घ्यायच्या, शनिवारी विश्रामबागेतून एसटी धरून साताऱ्याला काकांच्या घरच्या कॉम्प्युटरपाशी यायचं, आणि तेरावी फ्लॉपी वाचली जात नाही म्हणून पुन्हा आठवडाभर चडफडत बसायचं. दुसरं मासिकासोबतच्या सीडीवर फुकट आलं. तिसऱ्याचं नुसतं कौतुक ऐकलं होतं, पण मला तेवढं पुरे होतं.

साताऱ्याच्या कॉम्प्युटरवर मोलाची गोष्ट एकच होती, काकांनी सांगितलेली घराण्याची वंशावळ. काका फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. दोन वर्षं ते आठवून सांगत गेले आणि मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत गेले. कागदावर काहीच नव्हतं. दसऱ्याआधी काम संपलं, आणि दिवाळीनंतर काकांना अर्धांगाचा झटका आला. चालणं सुधारलं, पण नावं आठवेनाशी झाली.

संक्रांतीच्या सुट्टीत मी तिसरं लिनक्स घालायला बसले. सीडी सुरू करायला एक फ्लॉपी लागायची. कोरी नव्हती, म्हणून ड्रॉवरमधली हाताला लागली ती पुसून घेतली. पुढं मशीननं विचारलं, सगळी डिस्क पुसू का? वंशावळीची प्रत फ्लॉपीवर आहे या भरवशावर मी बेधडक हो म्हटलं. सगळं झकास बसलं. मग प्रत घ्यायला ड्रॉवर उघडला, तर तो रिकामा. मी पुसली होती ती तीच.

फ्लॉपीला लेबल लावा म्हणून पोरांवर ओरडणारी मी, आणि माझीच फ्लॉपी बिनलेबलाची. काका बाहेर उन्हात बसले होते. त्यांना सांगायचा धीर होईना, म्हणून स्वयंपाकघरात काकूला गाठलं आणि रडतच सगळं सांगितलं.

काकूनं भाकरी तव्यावरून उतरवली. "आगं, खंडेनवमीला पुजलेली हाय की देव्हाऱ्यात."

मला विसरच पडला होता. खंडेनवमीला काकांची कुकरी, कोयता, विळा पूजेला मांडताना काकूनं माझंही हत्यार मागितलं होतं. मी गमतीनं वेगळ्या फ्लॉपीवर वंशावळीची एक प्रत काढून दिली होती, आणि तिनं त्यावर हळदकुंकू वाहिलं म्हणून तिच्यावर चिडलेही होते. नंतर ती तिनं परत दिलीच नाही. आत वाडवडलांची नावं आहेत म्हटल्यावर तिची जागा पूर्वजांच्या चांदीच्या टाकांशेजारीच, असा तिचा सरळ हिशोब होता.

फ्लॉपीच्या पत्र्याच्या झडपेतलं कुंकू मी रुमालानं टिपून काढलं. फ्लॉपी घरघरली, थांबली, परत घरघरली. मग पडद्यावर नावं आली. मी काकूच्या गळ्यातच पडले. इतकं हलकं मला नोकरी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं.

तो गलका ऐकून काका आत आले. काय झालं होतं ते मी कबूल केलं. ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी विचारलं, लहानपणी गेलेली त्यांची बहीण त्यात आहे का. मी शोधून तिचं नाव वाचून दाखवलं.

काका ते दोनदा पुटपुटले.

"दोन म्हैने झालं," ते म्हणाले, "तिचं नाव आठवंना झालं हुतं."