सुधीरचा डोळा रेल्वेचा

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. माळ्यावर सामान साठतं तसे ते आपोआप साठतात, आणि एक डबा काढायला जावं तर चार अंगावर पडतात. परवा पुतण्या सांगत होता की तो आणि त्याचे मित्र ‘एअरसॉफ्ट’ खेळायला जातात, आणि त्यासाठी गॉगल कुठला घ्यायचा यावर त्यांची आठवडाभर चर्चा चाललीय. म्हटलं, आठवडाच ना? आम्ही त्यात जवळजवळ अख्खं वर्ष घालवलं, बाबा! तो हसला. मग काय, डबे पडायला लागले.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. डोंबिवली एमआयडीसीत आमची कंपनी. मी स्टोअर्सला, बंड्या मेंटेनन्सला, गोखले अकाउंट्सला. गोखले आमच्याहून दहा वर्षांनी मोठे आणि त्यांच्या चष्म्याच्या काचा सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या. चौथा सुधीर म्हात्रे, टेम्पररी फिटर, खाडीकाठच्या गावातला, आमच्यात सगळ्यात लहान. बंड्याचा भाऊ बोटीवर होता. त्याने परदेशातून स्प्रिंगच्या चार बंदुका आणल्या. त्यातून प्लास्टिकचे पांढरे छर्रे उडायचे. आम्ही त्यांना साबुदाणा म्हणायचो. या खेळाला जगात काही नाव असेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं. आम्ही म्हणायचो, छर्राछर्री.

बंड्याच्या मेव्हण्याचा घोडबंदर रोडला एक प्लॉट होता. तेव्हा तिथे टॉवर नव्हते, पुरुषभर गवत होतं. रविवारी सकाळी ठाण्याहून बस धरायची आणि दुपारपर्यंत एकमेकांवर साबुदाणा उडवायचा. सुधीर सोडला तर तिशी-चाळिशीतली लग्न झालेली माणसं! घरी सांगायचो, ‘प्लॉट बघायला चाललोय.’

पहिल्याच रविवारी बंड्याच्या भुवईला छर्रा लागला. टेंगूळ आलं. बंड्या हसत होता, पण गोखले एकदम गंभीर झाले.

“अहो, हा दोन बोटं खाली लागला असता तर?”

आम्ही तिघांनी सुधीरकडे पाहिलं. कारण सुधीरने रेल्वेच्या असिस्टंट ड्रायव्हरची लेखी परीक्षा पास केली होती, इंटरव्ह्यूही झाला होता, फक्त मेडिकल बाकी होतं. आणि इंजिनावर बसणाऱ्या माणसाची नजर बिनचष्म्याची, ठणठणीत लागते. वडील गेल्यावर आईने मासे विकून त्याला आयटीआयला शिकवलं होतं. ती नोकरी म्हणजे त्या घराचं सगळं काही होतं.

बंड्याने तिथल्या तिथे निकाल दिला. “हे बघ सुधीर, आमचे डोळे आमचे. तुझा डोळा रेल्वेचा! चांगला गॉगल मिळेपर्यंत तू अंपायर.”

सुधीरचं तोंड एवढंसं झालं. आमच्यात नेम फक्त त्यालाच होता.

*

पहिला गॉगल पोहण्याचा. बंड्याने ठाणे स्टेशनबाहेरून आणला. रबर घट्ट, डोळ्याला चिकटून बसणारा, एकदम भारी. पाच मिनिटांत आतून वाफ धरली. बंड्याला समोरचं झाड दिसेना, पण काढायचा कसा, नियम होता ना! चाचपडत तो गवतातून पुढे गेला. समोर काहीतरी हललं. बंड्याने बंदूक रोखली आणि ओरडला, “हँड्स अप!”

जवळच्या पाड्यावरचा एक गृहस्थ सकाळचा डबा घेऊन बसला होता. बिचाऱ्याने दोन्ही हात वर केले. उठला मात्र नाही!

बंड्याने पुढचे दोन रविवार त्या बाजूला पाऊलच टाकलं नाही.

*

मी स्टोअर्सला असल्यामुळे पुढचा गॉगल माझ्याकडून अपेक्षित होता. मी वेल्डिंगचा नेला. काळा कुळकुळीत. गोखल्यांनी तो आपल्या चष्म्यावरून चढवला, बंदूक घेतली आणि एका दगडाआड जाऊन बसले. आम्ही खेळलो, डाव संपला, वडापाव काढले, तरी गोखले बाहेर येईनात.

सुधीर शोधत गेला. गोखले म्हणाले, “कोण? सुधीर का? अरे, आभाळ भरून आलंय की काय?”

बाहेर मे महिन्यातलं ऊन होतं.

*

मग आम्ही शास्त्र आणलं. ते म्हणजे पपईची परीक्षा. एक कच्ची पपई घ्यायची, तिच्यावर स्केचपेनने डोळे काढायचे, गॉगल बांधायचा आणि जवळून छर्रा मारायचा. पपईवर ओरखडा दिसला की गॉगल नापास. त्यात बंड्याने एक रिवाज घातला. ज्याचा गॉगल, त्याच्या घरच्या माणसाने छर्रा मारायचा. म्हणजे उद्या काही झालं तर ‘आम्हाला सांगितलं नाही’ असं कोणी म्हणायला नको! त्यामुळे प्लॉटचं बिंग घरोघरी फुटलं ते निराळंच.

माझ्या बायकोने पपईवर एक छर्रा मारला. मग दुसरा. मग सगळी बंदूक रिकामी केली.

मी म्हटलं, “अगं, एक पुरे होता.”

“खात्री नको?” ती म्हणाली. पपईच्या कपाळाला तिने माझ्यासारख्या आठ्या काढल्या होत्या, हे मला नंतर दिसलं.

नापास पपया गोखल्यांकडे जायच्या. वहिनी त्याची भाजी करायच्या. एका सोमवारी डबा उघडून गोखले काकुळतीने म्हणाले, “अरे, एखादा तरी गॉगल पास करा रे!”

*

या सगळ्यात एक पपई मात्र आम्ही विसरलो नाही. स्टेशनबाहेर एक गॉगलवाला बसायचा. तो आपल्या मालावर स्वतः उभा राहून दाखवायचा. “अनब्रेकेबल साहब, हाथी चलाओ!” सुधीर त्यावर भाळला. मेडिकलची तारीख पुढे पुढे जात होती आणि अंपायर होऊन तो कंटाळला होता. “आता पपईबिपई नको, मी घालतोच,” म्हणून हटून बसला.

गोखले ऐकेनात. “रिवाज म्हणजे रिवाज. तुझी आई इथे नाही, तर मी मारतो.”

गोखल्यांचा नेम असा की समोरचा डोंगरही चुकावा. म्हणून शेवटी बंड्याने मारला. टचकन आवाज आला. काच तडकली आणि तिचा एक बारीक तुकडा पपईच्या उजव्या डोळ्यात, बरोब्बर बुबुळावर, उभा राहिला. त्यातून पांढरा चीक खाली ओघळला.

सुधीरने तो तुकडा नखाने काढला, बघितला आणि खिशात ठेवला. त्या दिवशी वडापाव तसेच परत गेले.

*

पुढच्या शनिवारी आम्ही चौघं नौपाड्यात एका जुन्या चष्मेवाल्या काकांकडे गेलो. काका स्वच्छ धोतर-सदऱ्यातले, बोलणं शुद्ध तुपातलं.

“कशासाठी हवाय गॉगल?”

“स्कूटरसाठी,” गोखले म्हणाले.

“कोणती स्कूटर?”

गोखल्यांकडे सायकलसुद्धा नव्हती. ते माझ्याकडे बघायला लागले. काकांनी चष्मा नाकावर ओढला. “हे पाहा, डॉक्टर, वकील आणि चष्मेवाला यांच्याशी खोटं बोलू नये.”

मग आम्ही सगळं सांगितलं. छर्रे, पपई, रेल्वे, मेडिकल. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “काच अजिबात नको. काच फुटते, चांगलं प्लास्टिक दबतं. आणि समोरून काय येतं ते सगळेच बघतात, तुम्ही बाजूची फट बघा. गॉगल डोळ्यावर नाही, भोवतीच्या हाडावर बसायला हवा. केमिकल कंपनीतली माणसं वापरतात तसला घ्या. वाफ जायला त्याला बाजूने झाकणाची भोकं असतात.”

आम्ही धन्य झालो. पाया पडायचंच काय ते बाकी होतं. निघताना काकांनी विचारलं, “एक शंका आहे. या मुलाचं मेडिकल होईपर्यंत हा खेळ थांबवला तर चालणार नाही का?”

इतक्या महिन्यांत हा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता!

“तसं चालेल,” गोखले चाचरत म्हणाले, “पण मग यांना रविवारी करमत नाही.”

*

असले गॉगल कल्याणला एका दुकानात मिळाले, चौघांनी एकेक घेतला. रबरी कडा, जाड प्लास्टिक, चष्म्यावरूनही बसणारा. पपई पास झाली. गोखले वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. फक्त सुधीरचा गॉगल लटकला, कारण रिवाजाप्रमाणे छर्रा त्याच्या आईने मारायचा होता.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. म्हातारी अंगणात विळी घेऊन बसली होती. सगळं ऐकल्यावर तिने आमच्याकडे असं पाहिलं की गोखले दोन पावलं मागे सरकले.

“मी माज्या पोराच्या डोल्यावर बार टाकू? तुमाला काय वाटतंय का नाय?”

“मावशी, डोळा पपईचा आहे,” बंड्या म्हणाला.

“पपय पन नाय न् काय पन नाय. आना तो चष्मा हिकडं.”

तिने गॉगल स्वतःच चढवला, समोरचा मोठा जिताडा ओढला आणि खवले काढायला सुरुवात केली. जिताड्याचे खवले म्हणजे नाण्याएवढे. चौफेर उडत होते. बंड्याच्या केसात एक, माझ्या शर्टावर दोन, गॉगलवर टकाटक. म्हातारीने सगळा मासा साफ केला. मग मान वाकडी करून, बाजूच्या फटीत बोट घालायचा प्रयत्न करून बघितला. बोट जाईना.

“बरा हाय,” ती म्हणाली.

सुधीरने आनंदाने हात पुढे केला. ती म्हणाली, “ऐतवारी ने. बाकीचे दिस माजा!”

तेव्हापासून सोमवार ते शनिवार तो गॉगल मासळीवर आणि रविवारी सुधीरच्या डोळ्यावर. खेळात सुधीर कितीही दाट गवतात लपला तरी आम्हाला बरोब्बर कळायचं. वास यायचा! शिवाय पाड्यावरचं एक मांजर त्याच्या मागे मागे फिरून त्याची जागा दाखवायचं.

*

आणि मग तो रविवार आला. मेडिकल अगदी तोंडावर होतं. शेवटचा डाव. एका आंब्याच्या झाडाला सुधीर एका बाजूने वळला आणि गोखले दुसऱ्या बाजूने. दोघांनाही कल्पना नाही. गोखले दचकले आणि त्यांचं बोट दाबलं गेलं.

टक्!

वर्षभरात गोखल्यांचा एकही छर्रा कोणाला लागला नव्हता. हा लागला. सुधीर दोन्ही हात तोंडावर धरून खाली बसला. आम्ही धावलो. मला माझ्याच पावलांचा आवाज ऐकू येत नव्हता. डोळ्यांसमोर फक्त ती पपई होती.

सुधीरने गॉगल काढला. डाव्या बाजूच्या प्लास्टिकवर पांढरा ठिपका होता, नखाला लागेल असा खड्डा. आत डोळा जसाच्या तसा, टकटकीत उघडा.

गोखले गुडघ्यावर बसले. त्यांनी हात वर केला. “सुधीर, सांग, किती बोटं?”

“साहेब,” सुधीर म्हणाला, “आधी हात थरथरायचा थांबवा, मग सांगतो!”

आम्ही एवढे हसलो, एवढे हसलो, की गोखले कधी रडायला लागले ते कळलं नाही. तिथेच चौघांनी शपथ घेतली, म्हातारीला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही.

*

मेडिकलच्या दिवशी आम्ही तिघांनी रजा टाकली आणि कल्याणला दवाखान्याबाहेर चहा पीत उभे राहिलो. सुधीर बाहेर आला तो मख्ख चेहऱ्याने. आमच्यापाशी थांबला. रस्त्यापलीकडे, लांब, एका गाळ्याच्या पाटीकडे बघून शांतपणे वाचायला लागला, “शिवणकाम, पिको, फॉल. खाली बारीक अक्षरात, दुपारी दुकान बंद राहील.”

बंड्याने त्याला उचललंच. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं मला माझ्या स्वतःच्या कन्फर्मेशनला वाटलं नव्हतं. गोखल्यांनी डोळे पुसायला चष्मा काढला, हात पसरले आणि कडकडून मिठी मारली.

मिठीत दवाखान्याचा वॉचमन होता.

*

त्या वर्षी खंडेनवमीला सुधीरच्या आईने जेवायला बोलावलं. बंड्याला कल्पना सुचली की शस्त्रपूजेचा दिवस आहे, तर आपल्या बंदुकाही पूजेला लावू. आम्ही चारही बंदुका पुसून नेल्या.

ओटीवर पाट मांडला होता. त्यावर कोयता, विळी, जाळं विणायची सुई, सुधीरचे पाने-पक्कड. बंड्याने मोठ्या ऐटीत बंदुका मधोमध ठेवल्या.

म्हातारी आतून आली. तिने एकेक बंदूक उचलली आणि दाराबाहेर, चपलांच्या शेजारी नेऊन ठेवली.

“मावशी, शस्त्रं आहेत ती,” बंड्या म्हणाला.

“त्यांनी काय केलाय?” ती म्हणाली.

मग तिने फडताळातून तो गॉगल काढला. घासून लख्ख केलेला, तरी जिताड्याचा मंद वास होताच. पाटाच्या मधोमध ठेवला. झेंडूचं फूल वाहिलं. कुंकवात बोट बुडवलं आणि डाव्या बाजूच्या त्या खड्ड्यावर, बरोब्बर खड्ड्यावर, टेकवलं.

आम्ही चौघं जमिनीकडे बघायला लागलो. तिने नमस्कार केला, प्रसादाची वाटी घेतली आणि सगळ्यांना सोडून पहिल्यांदा गोखल्यांसमोर येऊन उभी राहिली. गोखल्यांनी हात पुढे केला.

“घ्या साहेब,” ती म्हणाली. “हात थरथरायचा थांबला का आता?”