भरल्या गाडीचं गणित

आमच्या आतोबांइतका सावकाश ठरवणारा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा नसेल, असं मी म्हणते तेव्हा जरा हातचं राखूनच म्हणते. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे मालक. आई-वडील दर वर्षी ऊसतोडीला जायचे, म्हणून मी त्यांच्याच घरी वाढले. चपलांचा एक जोड घ्यायला वडवणीचे तीन बाजार लागतात, हे मला लहानपणी अगदी साधं वाटायचं. पहिल्या बाजाराला ते चपला नुसत्या पाहत. दुसऱ्या बाजाराला दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांची मतं घेत. तिसऱ्या बाजाराला घेत, आणि परतताना एसटीत शेजारच्या अनोळखी माणसापुढं पाय लांब करून विचारत, "तुमचं काय म्हणणं हाय?" हा प्रश्न ते डॉक्टरला विचारत, कंडक्टरला विचारत, भांडायला आलेल्या भावकीलाही विचारत, आणि भावकी विचारात पडून परत जायची. आत्या सांगते, तिला पाहायला ते चार वेळा आले होते. चौथ्या वेळी आजोबांनी चहा ठेवला नाही, तेव्हा कुठं ते हो म्हणाले.

हा भित्रेपणा नव्हता. आपल्या ठरवण्यापायी कुणाची गैरसोय होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात असायचं. आता इतका विचार करता करता गैरसोय व्हायचीच, पण ती गोष्ट वेगळी.

दुष्काळाच्या त्या वर्षी गावच्या दूध सोसायटीनं ठरवलं की ओढ्यापलीकडच्या वस्तीवर आतोबांच्या पिकअपमधून पाणी न्यायचं. गाडीच्या हौद्यात सोसायटीनं प्लास्टिकची मोठी टाकी दिली. तिचा नळ कुठं काढायचा यावर आतोबांनी आठवडा घातला, आणि शेवटी हौद्याला मागच्या बाजूला भोक पाडून तो इतका खाली काढला की बायांना हंडा जमिनीवर ठेवूनच भरता यावा. पहिल्याच दिवशी भरलेली गाडी ओढ्यातून वर चढताना मागून बसली, नळ दगडाला लागून मोडला, आणि वस्ती वर उभी राहून बघत असताना टाकीभर पाणी कोरड्या ओढ्याला मिळालं. नळ वर घ्यावा, तर गाडीचं शेपूट घासणारच होतं. गाडीच मागून उचलायला हवी होती. तोवर गाडी ओढ्याच्या अलीकडं थांबायची आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढायच्या.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगून टाकलं, की पंधरा दिवसांत गाडी वर गेली नाही तर वस्तीवरची जनावरं छावणीत पाठवावी लागतील. वस्तीच्या शेवटच्या घरात एक म्हातारी एकटी राहायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. तिची एक म्हैस होती, आणि सकाळी सोसायटीत घालायचं दीड लिटर दूध हाच तिचा बाहेरच्या जगाशी व्यवहार होता. ती सेक्रेटरींना शांतपणे म्हणाली, "मग तिच्या शेजारी एक दावं माझ्यासाठी बी ठिवा. मी काय लई जागा खात न्हाई."

हे ऐकून आतोबा मनापासून हलले आणि मनापासून विचाराला लागले. गाडी मागून उचलायच्या चार तऱ्हा आहेत, हे त्यांना दोन दिवसांत कळलं. दुर्दैव असं की त्या चारही त्यांना पटल्या. केजचा पाटे ठोकणारा म्हणाला, चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या जुडग्यात दोन्हीकडं एकेक जादा पाटा घाला, गाडी बसणारच नाही. वडवणीचा मेकॅनिक म्हणाला, पाटा ज्या कडीला लटकतो ती शॅकल लांब घाला. वडापची जीप चालवणारा एक जण म्हणाला, मागच्या चाकांचा आस आणि पाट्याच्या मधे लोखंडी ठोकळा घाला आणि लांब बोल्टांनी आवळा. आणि पाटोद्याच्या एका दुकानात त्यांना रबरी फुगे दाखवले, हवा भरली की गाडी आपोआप वर. फुग्यांवर आतोबांचा जीव जडला होता. पण आत्या म्हणाली, "अवो, बाभळीच्या काट्यानं इथं माणसाची चप्पल टिकंना, तुमी गाडीखाली फुगं बांधा." ते त्यांनी दोन दिवस विचार करून मान्य केलं.

मग त्यांना गाड्या मागून पाहायचा नाद लागला. केजच्या स्टँडवर ते उभ्या जीपांच्या मागं उकिडवे बसून खाली डोकवायचे. एका ड्रायव्हरनं गाडी सुरू करण्याआधी उतरून विचारलं, "काय सांडलं बे म्हाताऱ्या?" आतोबांनी त्याला खाली बसवलं आणि त्याचंही म्हणणं घेतलं. भावकीतल्या एका लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि आतोबा दिसेनात. ते नवरदेवाच्या गाडीखाली होते. शेवटच्या अक्षता टाकायला ते वेळेवर उगवले, पण फेट्याला ग्रीस लागलेलं होतं आणि चेहऱ्यावर समाधान. "जादा पाटा हाय," ते शेजारच्याला हळूच म्हणाले, "पर रिकाम्या गाडीत नवरीची हाडं हलतील."

दहा दिवस गेले. मी तेव्हा बीडला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि सुटीला आले होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वर्गात मी शेवटच्या बाकावर बसायचे आणि वर्षभरात एकही शंका विचारली नव्हती. घरीही मला कुणी काही विचारायचं नाही. विचारणार तरी काय? त्या संध्याकाळी आतोबा दोरी घेऊन माझ्यासमोर बसले. गाठी मारलेल्या दोरीनं त्यांनी गाडीची सगळी उंची मोजून आणली होती. म्हणाले, "मास्तरीणबाई, सगळ्यांचं म्हणणं घेतलं. आता तुझं काय म्हणणं हाय?"

मी वही काढली. भरलेली गाडी किती बसते, ओढ्यातला दगड किती वर आहे, नळाला किती जागा हवी, सगळं मांडलं. चार बोटं कमी पडत होती. चार बोटांचा ठोकळा, मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की आत्यानं परत विचारलं. आतोबांनी मात्र परत कुणालाच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठोकळे बसवून आणले. आयुष्यात त्यांनी एका रात्रीत ठरवलेली ती एकच गोष्ट असेल.

गाडी ओढा चढली. नळ दगडावरून बोटभर वरून गेला. वस्तीनं टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, हंडे पुढं सरकवले. मला वाटलं, मी आता पुढच्या बाकावर बसेन.

पण टाकी रिकामी होत गेली तशी गाडी मागून उठत गेली. टाकी पुढं कलायला लागली, धार बारीक झाली आणि मावशीचा हंडा लावला तेव्हा नळ वाहायचाच थांबला. आत तीन-चार हंडे पाणी केबिनच्या बाजूला जाऊन साचलं होतं, हलवलं की आवाज यायचा, आणि बाहेर थेंब येत नव्हता. मी भरलेल्या गाडीचंच गणित केलं होतं. रिकामी होत जाणारी गाडी माझ्या वहीत नव्हतीच.

आतोबांनी लगेच म्हणणी गोळा करायला सुरुवात केली. एक म्हणाला, पुढच्या चाकांखाली दगड घाला. दुसरा म्हणाला, टाकीच उलटी बसवा. आतोबा दोन्हींना मान डोलवत होते आणि गोठ्यात म्हैस ओरडत होती. मावशीनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग तिनं गाडीचा मागचा फाळका पाडायला लावला, पदर खोचला आणि दोन बायांचा हात धरून त्यावर चढून बसली.

"तुमचं ठरंस्तवर मी बसते," ती म्हणाली.

तिच्यानं कितीशी दबणार गाडी, पण नळानं एकदा ठिबकून दाखवलं. मग तिच्या शेजारी दोन बाया बसल्या, दगडवाला आणि टाकीवालाही बसले, मीही बसले. गाडी कुरकुरत खाली आली आणि धार सुरू झाली. हंडा धरायला खाली कुणी उरलंच नव्हतं. आतोबांनी इकडंतिकडं पाहिलं, विचारायलाही कुणी नव्हतं, आणि त्यांनी वाकून स्वतः हंडा धरला.

त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. शेवटचा हंडा लागला की आतोबा "बसा" म्हणायचे आणि वस्ती फाळक्यावर बसायची. उतरायची घाई कुणालाच नसायची. दिवसभरातलं सगळं बोलणं तिथंच व्हायचं. दगडाची युक्ती सोपी होती, पण पुढं तिचं नाव कुणी काढलं नाही. म्हैस छावणीत गेली नाही. मावशीचं दूध रोज सोसायटीत येत राहिलं.

पुढं पाऊस झाला, वस्तीवर पाइपलाइन गेली, टाकी उतरवली. मावशीही आता नाही. मी पुढच्या बाकावर काही गेले नाही, पण आता एम.एस्सी.च्या वर्गात मधल्या बाकावरून अधूनमधून शंका विचारते. आतोबांचे गुडघे दुखतात, गाडी बहुतेक अंगणातच मागून उंच होऊन उभी असते, आणि संध्याकाळी ते फाळका पाडून त्यावर बसतात. गेल्या दिवाळीला मी घरी गेले तेव्हाही ते बसले होते.

"ठोकळं काढावं म्हणतो," ते म्हणाले. "चार वर्सं झाली इचार करतोय. तुझं काय म्हणणं हाय?"

मी त्यांच्या शेजारी चढून बसले. गाडी कुरकुरून जराशी खाली दबली, आणि सवयीनं आम्ही दोघांनीही वाकून पाहिलं, जिथं नळ होता तिथं.