मागच्या सीटचा विमा

कवळीवाल्यांना आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक, त्यांनी बनवलेली कवळी टोचते अशी तक्रार आजवर आली नव्हती. दुसरी, त्यांची मोटरसायकल अकरा वर्षांची असून अकरा महिन्यांची दिसायची. यातला पहिला दावा जरा तपासून घ्यावा लागेल, कारण ज्यांना कवळी टोचते ते ती काढून तक्रार करतात आणि मग ते काय म्हणताहेत हे कोणालाच कळत नाही. दुसरा मात्र सोळा आणे खरा. कवळीला शेवटची झिलई देणारी पांढरी पूड ते दर रविवारी मोटरसायकलच्या टाकीला चोळत. टाकीत चेहरा दिसे. तो त्यांना आवडत असे.

काम घरातच चाले. मागच्या खोलीत प्लास्टरचे जबडे नंबर लावून ओळीने मांडलेले असत. पक्की कवळी करण्याआधी दात नुसते मेणात बसवून डॉक्टरांकडे पाठवायचे, डॉक्टरांनी ते रोग्याच्या तोंडात लावून बघायचे, असा त्या धंद्याचा रिवाज. मेणातल्या दातांना धक्का सोसत नाही. म्हणून रोज सकाळी साडेनऊला कवळीवाल्यांची बायको स्टीलचा डबा मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून मागच्या सीटवर बसे. खड्डा आला की ती उडे, डबा उडत नसे. हे कसब तिने अकरा वर्षांत कमावलं होतं. कवळीवाले त्याला 'मागे बसणं' म्हणत.

आजवर मोटरसायकलचा विमा म्हणजे कायद्याने सक्तीचा तेवढा; आपण कोणाला धडकलो तर त्याची भरपाई करणारा. पण यंदा त्यांचे साडू विमा एजंट झाले. ते फॉर्म घेऊन घरी आले आणि म्हणाले, "सक्तीचं सोडा. बाकीचं तुमच्या मर्जीवर. सगळ्यात जास्त काय जपायचंय ते आधी ठरवा, मग खुणा करू."

कवळीवाल्यांनी ठरवायला चार दिवस घेतले. वही घेऊन ते मोटरसायकलभोवती फिरले, गुडघे टेकून खालूनही पाहिलं. पाचव्या दिवशी साडू आले तेव्हा यादी तयार होती. चोरी हवी. आग हवी. पूर हवा, शहरात नदी नव्हती, पण नदीचा काय भरवसा. आरसे, पुढचा गार्ड आणि मागच्या सीटवरचा स्टीलचा डबा, वेगळे लिहून, हवेत. चालवणाऱ्याचा अपघात विमा तर हवाच.

"आणि मागे बसणाऱ्याचा?" साडूंनी विचारलं.

"मागे डबा असतो. तो लिहिलाय."

"डबा धरतं कोण?"

"ही धरते. पण मी गाडी नीट चालवतो हो. तिला काय होणार?"

"नीट चालवता, तर स्वतःचा कशाला घेताय?"

"समोरचे नीट चालवत नाहीत ना."

"आणि समोरचे धडकले तर फक्त तुम्हालाच धडकणार?"

कवळीवाल्यांनी यादीतल्या डब्याखाली आणखी एक रेघ ओढली. साडूंनी विषय वाढवला नाही. त्यांना विमा विकायचा होता, साडू सुधारायचा नव्हता.

पण साडूंच्या कंपनीचा एक नियम होता. अर्ज घरात मोठ्याने वाचायचा आणि घरातल्या एकाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. बायकोला हाक गेली. ती ओले हात पुसत येऊन उभी राहिली.

"चोरी, होय. आग, होय. पूर, होय. आरसे, होय. डबा, होय. मागे बसणारी व्यक्ती, नाही."

"भावोजी, शेवटचे दोन पुन्हा वाचा."

"डबा, होय," साडू फॉर्मवरून डोळे न काढता म्हणाले. "मागे बसणारी व्यक्ती, नाही."

"बरं," ती म्हणाली आणि तिने ठसठशीत सही केली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला डबा उंबऱ्यावर होता आणि ती आत चहा पीत होती.

"अगं, चल ना."

"कुठे? मी कागदावर नाही. कागदाबाहेरचं माणूस बसवलंत तर उगाच भावोजींना त्रास."

आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कोणाला? कवळीवाल्यांनी सीटवर घोंगडी घातली, वर डबा ठेवला आणि रबरी पट्ट्यांनी आवळला. रस्ता रोजचाच होता, खड्डेही ओळखीचे.

पहिल्या दवाखान्यात एक निवृत्त हेडमास्तर खुर्चीत आ करूनच बसले होते. डॉक्टरबाईंनी डबा उघडला. वरचे पुढचे दोन दात तिरपे होऊन एकमेकांकडे बघत होते आणि सुळा शेजारच्या, भलत्याच माणसाच्या जबड्यात जाऊन बसला होता.

"मिसेस आजारी आहेत का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही, घरी आहे."

"मग उद्या त्यांना पाठवा. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

हेडमास्तरांनी तोंड मिटलं. कवळीवाले तिथून पुढच्या दवाखान्यात गेलेच नाहीत, थेट साडूंच्या घरी गेले. दोन दिवसांनी नवा कागद आला. तो त्यांनी, हिऱ्याची अंगठी द्यावी तसा, बायकोपुढे ठेवला. तिने चष्मा लावला.

"मागे बसणारी व्यक्ती, कोणीही," तिने वाचलं. "म्हणजे शेजारीण बसली तरी चालेल."

"विम्यात तसंच लिहितात."

"आणि मला काही झालं, तर भरपाई कोणाला?"

कवळीवाल्यांनी टेबलावरचा एक जबडा उगाच सरळ केला. "मला."

"अरेरे. म्हणजे अकरा वर्षं मी फुकटच मेले असते. फार तोट्यात चालवलीत हो गाडी."

सकाळी साडेनऊला ती डबा घेऊन मागच्या सीटवर बसलेली होती. डोक्यावर हेल्मेट होतं. घरात हेल्मेट एकच होतं आणि ते आजवर एकाच डोक्याने वापरलं होतं.

"आणि मी?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"तुमचा तर पहिल्यापासून विमा आहे."

त्या दिवशी मोटरसायकल इतकी हळू गेली की सायकलवाले मागे वळून बघत होते. पहिला थांबा दवाखान्याचा नव्हता, हेल्मेटच्या दुकानाचा होता. दुकान उघडायला अर्धा तास अवकाश होता. कवळीवाले पायरीवर बसून राहिले. ती गाडीवरच बसली, हेल्मेट न काढता, डबा मांडीवर घेऊन. आतले दात जागच्या जागी होते.